उडून गेलेला होकार

टोपलीचं झाकण काढण्याआधी अकुरिगो भाषण करणार, हे अंगणात जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणून जाणती माणसं आधीच सावली धरून बसली होती. टोपलीतल्या गिनी कोंबड्यांना मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याच्या पहिल्याच वाक्याला जो कलकलाट सुरू केला, तो काही केल्या थांबेना. अकुरिगोने आवाज चढवला, त्यांनीही चढवला. जन्मभर जिल्हा कचेरीत कारकुनी केलेल्या या माणसाला मध्ये कुणी बोललेलं खपत नसे. पण या पडल्या सोयरिकीच्या कोंबड्या. त्यांना गप्प कोण करणार?

टोपली आली होती ओढ्यापलीकडच्या नसोबिलाकडून. त्याचा मुलगा सिल्वेस्टर शाळामास्तर. त्याच्यासाठी अकुरिगोच्या लामिसीला रीतसर मागणी घातली होती. रीत अशी की मुलाकडच्यांनी आपल्या घरी वाढलेल्या, अंडी घालत्या, अंगाने भरलेल्या गिनी कोंबड्या पाठवायच्या. मुलीच्या बापाने मध्यस्थासमोर त्या अंगणात मोकळ्या सोडल्या की झाला होकार. टोपली बंद ठेवली, तर 'अजून विचार करतो आहोत'. आणि कोंबड्या परत गेल्या, तर विषय संपला; मग या घराने त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

अकुरिगोची बायको तेनी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात जपमाळ मुठीत धरून उभी होती. तिचं मागणं साधं होतं: या वर्षी तरी लेकीचं लग्न होऊ दे, आणि पेरणीआधी होऊ दे. मागच्या वर्षी कुणी थोरलं वारलं म्हणून बोलणी थांबली. त्याआधी नसोबिलाने पाठवलेले सुरण अकुरिगोला अंगठ्याएवढे वाटले म्हणून थांबली. आता नसोबिलाने स्पष्ट कळवलं होतं की त्याच्या घरात सून हवी आहे, आणि पेरणीपर्यंत इथलं जमलं नाही, तर पूर्वेकडच्या एका घराने आधीच विचारून ठेवलं आहे. त्या दिवसापासून लामिसी एरवीपेक्षा शांत झाली होती. दवाखान्यातल्या कामावरून यायची आणि कुणी न सांगता बाजरी दळायला बसायची. तिने एवढी बाजरी दळून ठेवली होती की तेनीला ती बघूनच रडू येई.

अखेर भाषण संपलं. अकुरिगोने झाकण काढलं. चार ठिपकेदार कोंबड्या बाहेर आल्या, माना उंचावून त्यांनी जमलेल्या मंडळींकडे एकवार बघितलं आणि त्यांना ती मंडळी पसंत पडली नाहीत. पहिली घराच्या धाब्यावर गेली. तिच्यामागून तिघी. तिथून अंगणातल्या बाओबाब झाडाच्या फांदीवर. आणि मग निम्मं उडत, निम्मं पळत, चौघी कोरड्या ओढ्याच्या दिशेने अशा काही निघाल्या, जणू चुलीवर काहीतरी ठेवून आल्या आहेत.

"चरायला गेल्या असतील," अकुरिगो म्हणाला.

बाजारातून आणलेल्या मोठ्या गिनी कोंबड्या काही आठवडे कोंडून ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या जुन्या घरी परततात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सोयरिकीच्या कोंबड्या म्हणजे बाजारच्या नव्हेत. त्या होकारासाठी मोकळ्या सोडायच्या असतात. आजवर सोयरिकी जुळल्या त्या लांबच्या गावांशी. तिथली वाट कोंबडीला सापडत नसे, त्यामुळे रीत आणि कोंबडी यांचं कधी भांडण झालं नव्हतं. ओढ्यापलीकडची सोयरीक ही पहिलीच.

आता होकार पोचवायचं काम बुगरेचं. बुगरे हा मध्यस्थ. तिथे दोन व्याही पहिलं नातवंड होईपर्यंत एकमेकांशी तोंडाने बोलत नाहीत; जे असेल ते मध्यस्थामार्फत. आणि बुगरेच्या तोंडात काही गेल्याशिवाय त्यातून काही बाहेर पडत नाही, हा दोन्ही गावांचा अनुभव. अकुरिगोकडची बाजरीची बिअर पिऊन तो सायकलवर बसला. वाटेत एका ओळखीच्या बाईकडे ताजी बिअर उकळून निवली होती, तिचा मान राखायला थांबला. मग सावलीत थोडा पडला. नसोबिलाच्या दारात पोचून त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "मी आनंदाची बातमी घेऊन आलोय."

"तुझ्याआधीच पोचली," नसोबिला म्हणाला, आणि धाब्याकडे बोट केलं. चौघी तिथे ओळीने बसल्या होत्या.

पुढचं सगळं बुगरेने परत येऊन तेनीच्या चुलीपुढे बसून सांगितलं. नसोबिला रागावला नव्हता, दुखावला होता. नकार मिळतो माणसाला कधीकधी, तो म्हणाला. पण नकारसुद्धा चालत यावा, असा धावत येऊ नये.

लामिसी आणि सिल्वेस्टर दोघांकडेही फोन होते. काय झालं, ते टोपली रिकामी होताच सिल्वेस्टरला कळलं होतं, आणि त्याने ते बापाला सांगितलंही होतं. पण नसोबिलाच्या मते फोनवरचं बोलणं म्हणजे बोलणं नव्हे. त्याला पाय लागलेले नसतात. अकुरिगोचंही मत अगदी तेच होतं. बाकी कशावरही न पटणारे हे दोघे फोनच्या बाबतीत सख्ख्या भावांसारखे एकमताचे होते.

नसोबिलाने दोन दिवस विचार करून असा अर्थ काढला की कोंबड्या कमी पडल्या. त्याने आणखी दोन घातल्या आणि वर एक नर. टोपली पुन्हा आली. या वेळी अकुरिगोने आधी घरात सल्लामसलत केली.

"लामिसीचे बाबा," तेनी हळूच म्हणाली, "महिनाभर कोंडूया. मक्याचे दाणे, वारुळातली वाळवी घालू. रुळल्या की सोडू."

"कोंडल्या म्हणजे मी विचार करतोय असं होईल."

"मग पंखाची चार पिसं कापूया."

"भेट आलेली वस्तू कातरायची? उद्या म्हणशील, जावयाचे कान कापा."

"बरं, पायात दोरी?"

"तेनी, या घरात कोंबडी आली आहे की कैदी?"

कृषी खात्याचा माणूस मोटारसायकलवरून चालला होता, त्याला थांबवून विचारलं. तो म्हणाला, कोंडा. अकुरिगोने त्याला रीत समजावून सांगितली. समजावून सांगता सांगता सावल्या लांब झाल्या. तो बिचारा एकदाच म्हणाला, "मग रीतच कोंडून ठेवा ना थोडे दिवस," आणि तो इथला नाही, दक्षिणेकडचा आहे, असं ठरवून त्याला निरोप देण्यात आला.

मग अकुरिगोने स्वतःच उपाय शोधला. सगळ्या घरादाराने अंगणाभोवती हात पसरून उभं राहायचं. हे कोंडणं नव्हे, स्वागत. तेनी उभी राहिली, लामिसी उभी राहिली, शेजारपाजारचे उभे राहिले. शिवाय घरच्या दोन गिनी कोंबड्या आधीच मध्ये सोडून ठेवल्या, म्हणजे पाहुण्यांना सोबत होईल. झाकण निघालं. स्वागत डोक्यावरून गेलं. सात पाहुण्या निघाल्या, आणि अकुरिगोच्या घरच्या दोघी, ज्यांनी जन्मात ओढा पाहिला नव्हता, त्याही सोबत म्हणून निघाल्या. त्यांतली एक लंगडी होती. ती सगळ्यात पुढे.

इथपर्यंत प्रकरण नुसतं नकाराचं होतं. आता ते चिघळलं. कारण नसोबिलाच्या अंगणात आता अकुरिगोच्या घरच्या कोंबड्या आल्या होत्या, आणि एका घरच्या गिनी कोंबड्या दुसऱ्या घरी गेल्या, तर त्याचा अर्थ एकच: त्या घरातल्या बाईला मागणी. नसोबिलाच्या घरात बाई एकच होती. तालाता, त्याची विधवा थोरली बहीण. त्याची बायको वारल्यापासून घर तिनेच सांभाळलं होतं, सिल्वेस्टरला तिनेच वाढवलं होतं, आणि कोंबड्यांना दाणा घालत आली तीही तीच.

अकुरिगो हा चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष. एका पुरुषाने एकच बायको करावी यावर त्याने गेल्याच वर्षी वेदीपुढे उभं राहून असं काही भाषण केलं होतं की लोक ते अजून विसरले नव्हते. ते संपेपर्यंत बाहेर तान्ही बाळं रडून झोपी गेली होती. आता मंडळाचे तिघे जण त्याला भेटायला आले. ते फार अदबीने बसले, हवापाण्याचं बोलले आणि मग एकाने विचारलं की तालाताबाईंचं वय काय असावं. अकुरिगोने खुलासा सुरू केला. खुलासा जितका लांबला, तितके ते तिघे एकमेकांकडे बघू लागले. खरं असतं तर एवढं लांबलं असतं का?

विहिरीवर बायका तेनीला आधी घडा भरू देऊ लागल्या. एरवी तिथे भांडून जागा मिळवावी लागे. ती मुकाट्याने घडा भरायची, देवाचे आभार मानायची आणि घरी येऊन लामिसीकडे बघायची. मुलगी अजून दळतच होती.

"माय," एकदा लामिसी मान खालीच घालून म्हणाली, "बाबांचं लग्न माझ्याआधी लागेल असं दिसतंय."

तेनीला हसू आलं आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला बुगरे आला तो रोजच्यापेक्षा सरळ बसला. भाताबरोबर मासा आहे का, हे त्याने विचारून घेतलं. मासा संपल्यावर म्हणाला, "तालाताबाईंनी निरोप दिलाय. नाही म्हणत नाहीत. पण आधी घर बघायचं म्हणतात."

"आणि लामिसीचं?" तेनीने विचारलं.

"ते मागाहून. एका घरात एका वेळी एकच मागणी बघतात."

तालाता आली ती डोक्यावर ती टोपली घेऊनच. सातही पाखरं आत, आणि वर लंगडी व तिची मैत्रीण. वाटभर ती त्यांच्याशी बोलत आली होती आणि त्या चकार शब्द काढत नव्हत्या, हे अकुरिगोने पाहिलं आणि त्याला जरा लागलं. मग तो घसा खाकरून पुढे झाला, तर तालाता त्याच्या बाजूने निघून थेट स्वयंपाकाच्या खोलीत. कोठीत डोकावली, भांड्यांवरची झाकणं उचलून बघितली आणि शेवटी तेनीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"चूल धुराची आहे," ती म्हणाली.

"वारा उलटा असला की होतं तसं."

"मीठ जास्त घालतेस वाटतं?"

"यांना तसंच लागतं."

"मला नाही लागत."

तेनीने मुठीतला एक मणी पुढे सरकवला. "तालाताआक्का, आधी बसा, पाणी घ्या. बोलायला अवघड आहे, पण आमच्या त्या दोन कोंबड्या कुणी पाठवल्या नव्हत्या हो. त्या आपल्या आपण गेल्या."

"ते मला कळत नाही होय? माझ्या वयाच्या बाईला मागणी घालायला कोण कोंबड्या धाडतं? आणि त्यातली एक लंगडी."

"मग तुम्ही आलात..."

"आले. भावाच्या घरातून एक दिवस बाहेर पडायचं तर मला कारण लागतं. वहिनी गेल्यापासून कारणच मिळालं नव्हतं. तुझ्या नवऱ्याने दिलं. चांगला माणूस आहे, बोलतो फार." तिने पाण्याचा घोट घेतला. "आता सांग, त्या पोरीचं काय अडलंय?"

तेनीने सांगितलं. तालाताने ऐकून घेतलं आणि झोपायला कुठली खोली देणार ते विचारलं. धान्याच्या कोठाराशेजारची गोल खोली रिकामी होती. तालाताने टोपली उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून झाकण निघाल्याचा आवाज आला, मग पंखांची फडफड, मग तालाताचं हलकं बोलणं, मग काहीच नाही.

अकुरिगो दाराबाहेर येऊन उभा राहिला. "बाई, या कोंडलेल्या होतात. रीतीप्रमाणे कोंडलेल्या कोंबड्या म्हणजे—"

"कोंडल्यात कुठे? माझ्या सोबतीला आहेत," तालाता आतून म्हणाली. "पाहुणीच्या खोलीत काय काय आहे हे यजमानाने विचारावं, अशी रीत आहे का तुमच्याकडे?"

अकुरिगोने आजवर ऐकलेल्या, पाहिलेल्या आणि स्वतः सांगितलेल्या सगळ्या रीती मनात चाळल्या. तशी एकही सापडली नाही. तो बाओबाबखाली जाऊन बसला.

मग मजा झाली. तालाता राहिली. सकाळी ती तेनीबरोबर प्रार्थनेला जाई, शेजारी गुडघे टेकून बसे आणि तेनीपेक्षा मोठ्याने आमेन म्हणे. ही बायको आणि ही होऊ घातलेली, एकाच बाकावर, एका पुस्तकातून गाताहेत, हे पाहून चर्चच्या मंडळाची वाचाच गेली. आरोप करायचा तर कुणाच्या वतीने? विहिरीवर तेनीला पुन्हा धक्काबुक्की करून पाणी भरावं लागू लागलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. चुलीचं तोंड तालाताने फिरवून घेतलं, धूर गेला. मीठही कमी झालं. अकुरिगोला त्यावर काही बोलायचं होतं, पण पाहुणीच्या मिठाबद्दलही रीत सापडेना.

ओढ्यापलीकडे नसोबिलाची मात्र पंचाईत झाली. बहीण गेली, चूल थंड. तिला परत बोलवावं, तर ती आपल्या कोंबड्या घेऊनच येणार. म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने सोयरीक मोडल्यासारखं होणार. न बोलवावं, तर जेवायचं काय? पूर्वेकडच्या त्या घराचा विचार करावा, तर तिकडची बोलणी नव्याने सुरू होणार, म्हणजे सून यायला पुढचं पीक. शाळेतून आलेला सिल्वेस्टर जे शिजवी, ते नसोबिला एकदा जेवला. त्यानंतर बुगरेच्या हाती येणारे निरोप बदलत गेले. पहिला निरोप पणजोबांपासून सुरू होऊन बुगरेची दोन मडकी संपेपर्यंत चालला होता. पुढचा आजोबांपासून सुरू झाला. त्याच्यापुढच्यात पूर्वज आलेच नाहीत. शेवटी बुगरे सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "विचारतात, कधी?"

तेनीला वाटलं, देव कुणाकुणाच्या पोटातून काम करून घेतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ईस्टर झाल्यावर, पेरणीच्या आधी, लामिसीचं लग्न लागलं. चर्चमध्ये लागलं आणि घरीही लागलं. सुरणाचा आकार कुणी पाहिला नाही. लग्नाच्या सकाळी तालाताने खोलीचं दार उघडून ठेवलं. पाखरं बाहेर आली, ऊन घेतलं, अंगणभर दाणे टिपले आणि दिवस मावळताना अंगणातल्या झाडावर चढून बसली. ओढ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. अकुरिगो सगळ्यांना सांगत होता की शेवटी सगळं रीतीप्रमाणे झालं.

आता तालाताने घरी जायला हरकत नव्हती. पण रोज सकाळी ती कोंबड्यांकडे बारीक डोळ्यांनी बघे आणि म्हणे, "अजून नीट रुळल्या नाहीत गं. एक आठवडा बघू." तेनीही बघे. झाडाखाली अंडी घालून, ती उबवायला बसून, कुत्र्यावर धावून जाणाऱ्या त्या कोंबड्या बघून ती म्हणे, "हो, जरा बुजल्यासारख्या वाटतात खऱ्या." असं म्हटल्यावर ती मनात देवाची क्षमा मागे, आणि मग तालातासाठी चहा टाके.

लामिसीचा दवाखाना अलीकडच्या तीरावर. संध्याकाळी सुटल्यावर सासरी जाता जाता ती आईकडे डोकावू लागली, आणि आली आहे तर दोन घास खाऊन जाई. तिला न्यायला सिल्वेस्टर येऊ लागला. तो तर आत्याच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. त्याला ताटापुढून उठवायला लामिसीला मेहनत पडे. मग एका संध्याकाळी घरात कुणीच परतलं नाही म्हणून नसोबिला शोधायला आला. व्याह्याच्या घरी न बोलावता जेवायचं नाही, ही रीत. पण बहिणीच्या हातचं जेवायचं नाही, अशी रीत नाही. तो अंगणाच्या पार टोकाला, भिंतीपाशी, अकुरिगोकडे पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवसापासून त्याची चटई तिथे पसरूनच ठेवलेली असे.

पहिलं नातवंड अजून व्हायचं होतं, तेव्हा दोघे व्याही बोलणार कसे? बुगरेची सायकल भिंतीला टेकून धूळ खात पडली, पण त्याचं काम काही सुटलं नाही. तो आता अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाला चालत जाई, आणि दोन्ही टोकांना त्याच्यासाठी मडकं ठेवावं लागे.

"बुगरे," एका संध्याकाळी नसोबिला म्हणाला, "या घरच्या कर्त्याला माझा आदरपूर्वक निरोप सांग. भेंडीचा रस्सा चांगला झालाय. भांड्यात उरला असेल तर माझी हरकत नाही."

बुगरे त्याचं मडकं संपवून अंगण ओलांडून गेला, तिकडचं मडकं घेतलं, घसा ओला केला आणि निरोप सांगितला. अकुरिगो उठून उभा राहिला. त्याने वस्त्र सारखं केलं आणि पणजोबांपासून सुरुवात केली. तो आजोबांपर्यंत येतोय तोवर लामिसीने सासऱ्याच्या ताटात रस्सा वाढला होता. स्वतःच्या वडिलांपर्यंत येतोय तोवर नसोबिलाने तो पुसून खाल्ला होता. मग भाषण भेंडीकडे वळलं, तिथून पाहुणचाराकडे, आणि शेवटी अकुरिगो म्हणाला, "तर सांग त्यांना, आमचा होकार आहे."

बुगरे परत अंगण ओलांडून आला. नसोबिला हात धुऊन, भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होता. तेनी खुणेने म्हणाली, असू दे, झोपू दे त्यांना.

बुगरेने मान हलवली. उत्तर आलं होतं, ते पोचवायलाच हवं. त्याने खाली वाकून व्याह्याला खांद्याला धरून हलवलं आणि पणजोबांपासून सुरुवात केली.